सारथ्याचे अवधान आणि कायद्याचा हात

(रस्ता सुरक्षा सप्ताहानिमित्त भरलेल्या वाहनचालक व नागरिक यांच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या लहानपणी आठवड्याच्या बाजाराहून परतणाऱ्या बैलगाड्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. माल विकून झालेला असे, दिवस मावळलेला असे आणि गाडीवान घोंगडी पांघरून गाडीतच आडवा झालेला असे. बैल आपल्या पायांनी घरची वाट धरीत. ओढ्याचा उतार आला की ते आपण होऊन मंद होत, समोरून दुसरी गाडी आली की बाजू देत. गाडीवान झोपी गेला तरी गाडी अंगणात येऊन उभी राही, कारण त्या वाहनाला चार डोळे होते आणि स्वतःच्या जिवाची काळजी होती. आज आपण ज्या वाहनात बसतो त्याला दिवे आहेत, डोळे नाहीत. त्यात शंभर घोड्यांचे बळ आहे, परंतु एकाही घोड्याची अक्कल नाही. जी काही अक्कल त्या यंत्राला मिळावयाची ती चालकाच्या अवधानातूनच मिळावयाची. ते अवधान क्षणभर सुटले तर मागे उरते ते केवळ बळ, आणि आंधळे बळ काय करते हे सांगावयास नको.

आजच्या सभेपुढील विषय हा आहे: वाहन चालवीत असता ज्याचे लक्ष दुसरीकडे आहे, विशेषतः ज्याच्या हातात वा कानाशी फोन आहे, त्याचे ते वर्तन कायद्याने गुन्हा ठरवावे काय? आमचे उत्तर निःसंदिग्ध आहे. ठरवावेच, आणि आपल्या देशात ते आता ठरलेलेही आहे. परंतु एवढ्याने प्रश्न संपत नाही. कायद्याच्या हाताला चालकाचा हात सापडतो, मन सापडत नाही. शिवाय या गुन्ह्यात एक भागीदार असा आहे की ज्याचे नाव कोणत्याच पंचनाम्यात येत नाही. त्याच्याविषयी आम्हास आज विशेष बोलावयाचे आहे.

साडेचार सेकंदांचा हिशेब

प्रथम साधे गणित करू. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर अंतर तोडते. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या वाहतूक संस्थेने मालट्रकांत कॅमेरे बसवून चालकांचे निरीक्षण केले व २००९ साली त्याचे निष्कर्ष जाहीर केले. फोनवर संदेश लिहिणाऱ्या चालकाची दृष्टी सहा सेकंदांच्या अवधीत सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि अपघाताचा वा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका तेवीस पटींनी वाढला होता. ४.६ सेकंद म्हणजे वर सांगितलेल्या वेगाने शंभर मीटरांहून अधिक अंतर. डोळे बांधून शंभर मीटर मोटार चालवा असे कोणी सांगितले तर आपण त्यास वेडा म्हणू. परंतु फोनची घंटी वाजली की तेच आपण बिनदिक्कत करतो.

कोल्हापूर-बेळगाव हमरस्त्यावरील शंभर मीटर डोळ्यांपुढे आणा. गळिताचा हंगाम आहे. पुढे उसाने लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली चालली आहे आणि तिच्या मागे दिवा नाही. कडेने शाळा सुटलेली मुले तिघे-तिघे सायकलींवरून येत आहेत. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई दोन्ही बाजूंकडे पाहून रस्ता ओलांडीत आहे. तिने पाहिले, पण तिला ज्याने पाहावयास हवे तो मात्र वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचीत आहे.

हात मोकळे, मन गुंतलेले

यावर अनेक सुज्ञ माणसे म्हणतात, "आम्ही फोन हातात धरीतच नाही. कानात यंत्र आहे, दोन्ही हात चाकावर आहेत, मग आक्षेप कशास?" या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. १९९७ साली कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर व टिब्शिरानी या दोघा संशोधकांनी ज्यांच्याजवळ फोन होते व ज्यांचे अपघात झाले अशा ६९९ चालकांची फोनची नोंद तपासली. फोनवर बोलत असता टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट असल्याचे त्यांस आढळले, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झाल्याचे आढळले नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, अपघातात जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या चालकांच्या अभ्यासातूनही हाच चौपटीचा आकडा निघाला.

याचे कारण उघड आहे. दोष हातात नसून अवधानात आहे. डोळे रस्त्यावर असतात, परंतु डोळ्यांनी आणलेली वार्ता घेण्यास मन घरी नसते. कीर्तनकार आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागतो ते याच कारणासाठी. समोर बसलेला प्रत्येक जण ऐकतोच असे नाही, हे तो जाणून असतो. आपल्याकडे अष्टावधानी पुरुषांचे मोठे कौतुक आहे. एकाच वेळी आठ गोष्टी ध्यानात ठेवून दाखविणारा तो विद्वान सभेत बसलेला असतो. त्याचे एखादे उत्तर चुकले तर सभा हसते, कोणाचा जीव जात नाही. हमरस्त्यावर मात्र आपणांपैकी प्रत्येक जण स्वतःस अष्टावधानी समजू लागला आहे.

कोणी विचारील, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे चालते, मग फोनवरच्या माणसाशी का नाही? शेजारी बसलेल्या माणसालाही रस्ता दिसतो, हा त्यातील भेद आहे. समोर म्हैस आडवी आली की तो बोलता बोलता थांबतो. पुष्कळदा "अहो, जपून" असे म्हणतोही. घाट लागला की गप्पा आपोआप मंदावतात. फोनवरील मनुष्यास घाट दिसत नाही, म्हैस दिसत नाही. तो आपल्या घरच्या खुर्चीवर बसून उत्तराची वाट पाहत असतो, आणि उत्तरास दोन क्षण उशीर झाला की "ऐकतोयस ना?" असे विचारतो.

आकडा लहान का दिसतो

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२१ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,५३,९७२ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांपैकी मोबाईलच्या वापरामुळे झालेले मृत्यू १,०४० नोंदले गेले. पुढील वर्षी एकूण मृत्यूंचा आकडा १,६८,४९१ वर गेला. हे वाचून काही जण म्हणतील की शंभरात एकही न भरणाऱ्या कारणासाठी एवढा गवगवा कशास?

आमच्या मते हा आकडा नोंद किती झाली हे सांगतो. घडले किती, हे सांगत नाही. टायरच्या खुणा पंचांना मोजता येतात, फुटलेली काच वेचता येते, चालकाच्या श्वासातील मद्याचा अंश यंत्राने कळतो. उडालेल्या लक्षाची खूण रस्त्यावर राहत नाही. फोन खिशात जातो, चालक वाचला तर तो सांगत नाही, मेला तर सांगू शकत नाही. अशा अपघाताची नोंद मग अतिवेगाच्या खाती वा "ताबा सुटला" या सोयीस्कर शब्दांखाली होत असणार हे उघड आहे. ताबा सुटला खरा. परंतु कशाने सुटला हे विचारण्याचे काम राहून जाते. आणि १,०४० हा आकडाच घेतला तरी ती एका लहान गावाची वस्ती आहे.

कायदा कोठवर आला

हा गुन्हा कायद्यात स्पष्ट शब्दांनी लिहिण्याची आवश्यकता का होती हे २०१८ साली दिसून आले. त्या वर्षी केरळ उच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वाहन चालविताना फोनवर बोलणे हे लोकांच्या सुरक्षिततेस धोका निर्माण झाल्याखेरीज केवळ तेवढ्यानेच पोलीस कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, कारण तशी स्पष्ट मनाई कायद्यात नाही. न्यायालयाला आम्ही दोष देत नाही. जे कायद्यात लिहिलेले नाही त्यासाठी नागरिकास शिक्षा होऊ नये हे तत्त्व आपणा सर्वांच्या रक्षणाचे आहे. लिहावयास हवे होते ते विधिमंडळांनी लिहिले नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

पुढल्याच वर्षी, २०१९ साली, मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक वाहन चालविण्यासंबंधीच्या कलम १८४ मध्ये हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर नाव घेऊन घातला गेला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजारापासून पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद वा दहा हजार रुपये दंड. २०२० साली नियमांत भर घालून असे साधन केवळ मार्ग पाहण्यापुरते, व चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापरण्यास मुभा देण्यात आली.

परंतु या दुरुस्तीचा प्रवास पाहा. कर्नाटकाने वाढीव दंड सप्टेंबर २०१९ मध्ये लागू केले आणि त्याच महिन्यात ते घटविले. महाराष्ट्राने ते डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले, गोव्याने एप्रिल २०२२ मध्ये. बेळगावहून एका दिशेस कोल्हापूर आणि दुसऱ्या दिशेस चोर्ला घाटाने गोवे. एका दिवसात तिन्ही राज्यांतून फिरून येणारे चालक या सभेत बसलेले आहेत. तोच हात, तोच फोन, तेच वळण. परंतु गुन्ह्याची किंमत मात्र कमान ओलांडली की बदलते! माणसाचे डोके कोणत्याही राज्यात सारखेच फुटते. सबब दंडही सारखाच असावा, ही मागणी कोणत्याही सरकारास जड वाटू नये.

केवळ कायदा केला की काम भागते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया इत्यादी ठिकाणी हातातील फोनवर बंदी आल्यानंतर अपघातांचे विमादावे घटले काय, हे अमेरिकेतील विमाक्षेत्राच्या एका संस्थेने २००९ साली तपासले. तिला तशी घट आढळली नाही. इंग्लंडने डिसेंबर २००३ मध्ये बंदी घातली. पुढे तेथील एका चालकाने मोटार चालवीत असता फोनने अपघातस्थळाचे चित्रण केले, आणि २०१९ साली तो सुटला. कारण कायद्यात बोलणे व संदेश यांना मनाई होती, चित्रणाला नव्हती. ती पळवाट बुजविण्यास मार्च २०२२ उजाडावे लागले. कायदा हे पहिले पाऊल आहे, मुक्काम नव्हे, एवढाच बोध यातून घ्यावयाचा.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

कायद्याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे, आणि ते सर्वच टाकाऊ नाही.

पहिला आक्षेप असा की, प्रत्येक नव्या साधनाविरुद्ध अशी ओरड होतेच. मोटारीत प्रथम रेडिओ आला तेव्हा, १९३० च्या सुमारास, अमेरिकेत त्यावरही बंदीची भाषा झाली होती. आज त्याचे हसू येते. खरे आहे. परंतु रेडिओ उत्तर मागत नाही. आपण ऐकले नाही तरी तो रागावत नाही, आणि वळणावर त्याला विसरता येते. जिवंत माणसाला विसरता येत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. स्वतःच्या वाड्यात बसून मनुष्याने दिवसभर बोलावे, आमची हरकत नाही. रस्ता हा कोणाचा वाडा नव्हे. तेथे ज्याने फोन उचलला त्याने केवळ स्वतःचा जीव पणास लावलेला नसतो. समोरून येणाऱ्याचा जीवही त्याने न विचारता पणास लावलेला असतो.

तिसरा आक्षेप पोलिसांविषयीचा, आणि तो सर्वांत खरा आहे. दंड वाढला की रस्त्याच्या कडेची तडजोड वाढते, आणि ती गरिबास अधिक जाचते. यावर उपाय दंडाची रक्कम वाढविणे हा नसून शिक्षेचे स्वरूप बदलणे हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्येच राज्यांना कळविले होते की, वाहन चालविताना फोन वापरणाऱ्याचा परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. ही शिक्षा श्रीमंताला व गरिबाला सारखीच लागते, तिची नोंद राहते, आणि चालकाचे म्हणणे ऐकल्यावाचून ती देता येऊ नये.

चौथा आक्षेप पोटाचा आहे. भाड्याच्या मोटारी व रिक्षा चालविणाऱ्यांस आता गिऱ्हाईक फोनवरच मिळते. माल पोचविणाऱ्यास पत्ता फोनवरच विचारावा लागतो. त्यास "फोन टाक" म्हणणे म्हणजे "धंदा टाक" म्हणण्यासारखे आहे. हा आक्षेप आम्ही मान्य करतो. परंतु तो चालकाच्या बाजूने घेतलेला असला तरी बोट दाखवितो ते त्याच्या धन्याकडे.

दुसऱ्या टोकाचा मनुष्य

आता आरंभी सांगितलेल्या भागीदाराकडे वळू. महाभारतात शल्याने कर्णाचे सारथ्य पत्करले ते युधिष्ठिराला दिलेले वचन मनात ठेवून. त्याने कर्णावर बाण सोडला नाही, गदा उचलली नाही. तो केवळ बोलत राहिला. ऐन रणात कर्णाचे चित्त ढळावे एवढेच त्याचे काम होते, आणि ते त्याने जिभेने केले. आज आपणांपैकी प्रत्येक जण दिवसातून दोन-चार वेळा कोणाचा तरी शल्य होत असतो. फरक इतकाच की शल्याने ते जाणूनबुजून केले, आपण प्रेमाने वा सवयीने करतो.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आमचा एक तरुण सहकारी काही कागद घेऊन मोटारसायकलवरून येत होता. त्यास उशीर झाला म्हणून आम्ही फोन केला. शिरस्त्राण आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून तो म्हणाला, "हां, बोला साहेब." आम्ही विचारले, "अजून किती वेळ?" त्यावर उत्तर आले नाही. एक आवाज झाला, मग काहीच नाही. आम्ही "हॅलो, हॅलो" करीत राहिलो. बऱ्याच वेळाने कोणा अनोळखी माणसाने तो फोन उचलला.

दोघेही वाचले. सहकाऱ्याचे गळ्याजवळचे हाड मोडले, ते सांधले. ज्यास धडक बसली तो सायकलवरून दुधाच्या किटल्या नेणारा गवळी होता. त्याचा पाय नीट जुळला नाही. तो आता काठी घेऊन चालतो, आणि दूध त्याचा मुलगा घालतो. त्या मुलाची सकाळची शाळा सुटली ती सुटलीच. सहकाऱ्यावर खटला झाला, दंड झाला. आम्हास कोणी काही विचारले नाही. पंचनाम्यात आमचे नाव नाही. तो वाहनावर असेल हे आम्हास ठाऊक होते. जे विचारावयाचे होते ते इतके क्षुल्लक होते की ते कागद त्या दिवशी उघडलेसुद्धा गेले नाहीत.

आणि जेथे फोन कामाचाच असतो तेथेही निसर्गाचा नियम बदलत नाही. १२ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ येथे संदेशांत गुंतलेल्या चालकाने तांबडा सिग्नल ओलांडला, दोन गाड्या समोरासमोर आदळल्या आणि पंचवीस माणसे मेली. तो चालक खाजगी संदेश पाठवीत होता, म्हणून त्याला दोष देणे सोपे आहे. परंतु २४ जुलै २०१३ रोजी स्पेनमध्ये सान्तियागो येथे ताशी ऐंशीची मर्यादा असलेल्या वळणावर ताशी १७९ किलोमीटर वेगाने शिरलेल्या गाडीचा चालक त्याच गाडीवरील कर्मचाऱ्याशी कामाविषयी फोनवर बोलत होता. त्या वळणावर सुमारे ऐंशी माणसांचा अंत झाला. फोन कामाचा होता म्हणून वळण सरळ झाले नाही.

आमच्या मागण्या

यास्तव आमच्या मागण्या चार आहेत.

एक, जो दुसऱ्यांची माणसे वाहून नेतो, मग ती सरकारी बस असो, खाजगी आरामगाडी असो वा शाळेच्या मुलांची रिक्षा असो, त्यास गाडी चालू असता फोनची पूर्ण मनाई असावी. कानातील यंत्रालाही अपवाद नसावा. दोन, इतरांच्या बाबतीत हातातील फोनसाठी दंडापेक्षा परवाना निलंबनावर भर असावा, आणि तो तिन्ही राज्यांत एकसारखा अमलात यावा. तीन, मनुष्य मेला वा कायमचा पंगू झाला अशा प्रत्येक अपघातात चालकाच्या फोनची त्या वेळची नोंद तपासणे पोलिसांवर बंधनकारक असावे, म्हणजे "ताबा सुटला" या शब्दांमागचे सत्य बाहेर येईल. चार, चालू गाडीवरील चालकाने फोन उचललाच पाहिजे अशी सक्ती जो मालक वा जी कंपनी करील, ती अपघाताच्या जबाबदारीत भागीदार धरली जावी. गाडी उभी करून उत्तर देण्यास वेळ द्या. पाच मिनिटे उशीर झाल्याने कोणाचा धंदा बुडालेला आम्ही पाहिला नाही.

या मागण्या सरकारकडे आहेत. आपणांकडे एकच विनंती आहे, आणि तिला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. फोन लावल्यावर समोरून आवाज येताच पहिला प्रश्न हा विचारा: "गाडी चालवतो आहेस का?" हो म्हणाला तर दुसरा शब्द न बोलता फोन ठेवा. आईने मुलाला, पत्नीने पतीला, मालकाने नोकराला एवढे विचारण्याची सवय लावून घेतली, तर कायद्याचा हात जेथे पोचत नाही तेथे आपला हात पोचेल. आम्ही ती सवय लावून घेतली आहे. ती लावून घेण्यास एका गवळ्याचा पाय मोडावा लागला, ही आमची शरम आहे. आपणांवर तशी पाळी येऊ नये.

आता सभा संपेल आणि आपण सारे आपापल्या वाहनांनी घरी जाल. हे अर्धा-पाऊण तासाचे भाषण आपण एकही फोन न उचलता ऐकलेत, आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. जे अवधान आपण आम्हास दिलेत तेच अंगणात गाडी उभी राहीपर्यंत रस्त्यास द्या, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.